विश्लेषण : नगरसेवक खासदार झाला, मानखुर्द मागेच का राहिले?

मुंबई महापालिकेची निवडणूक जवळपास नऊ वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ रोजी झाली आणि पावणेचार वर्षांहून अधिक काळ रिकामी असलेली नगरसेवकांची आसने पुन्हा भरली. मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर, ट्रॉम्बे हा सारा परिसर ज्यात येतो, त्या एम पूर्व विभागालाही नवे प्रतिनिधी मिळाले. त्यातले अनेक जण पहिल्यांदाच सभागृहात गेले आहेत. याच विभागातून एकेकाळी एक तरुण नगरसेवक स्थायी समितीच्या अध्यक्षपदापर्यंत आणि तिथून थेट लोकसभेत पोहोचला. राहुल शेवाळे यांची ही वाटचाल नव्या नगरसेवकांना खुणावणारी आहे. पण नेता वर चढला म्हणून विभाग वर येतो का, हा प्रश्न त्याच वाटचालीतून उभा राहतो.

मानखुर्दचे राजकीय वजन किती?

मानखुर्द हे हार्बर मार्गावरचे खाडीआधीचे शेवटचे मुंबईकर स्थानक. पुढे खाडी ओलांडली की वाशी. गाडी रिकामी होण्याऐवजी भरते, अशी सकाळ इथे रोजची. मतदारसंघांच्या नकाशात मात्र हा भाग दुभंगलेला आहे. मानखुर्द-शिवाजीनगर हा विधानसभा मतदारसंघ ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात येतो, तर शेजारचा अणुशक्तीनगर दक्षिण मध्य मुंबईत. म्हणजे एकाच विभाग कार्यालयात तक्रार घेऊन जाणाऱ्या लोकांचे आमदार दोन आणि खासदारही दोन. महापालिकेत याच विभागाचे १५ नगरसेवक असतात.

एवढे प्रतिनिधी असलेल्या भागाची ताकद कमी नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून शिवसेना (ठाकरे) पक्षाचे संजय दिना पाटील सुमारे ३० हजार मतांनी विजयी झाले. एकट्या मानखुर्द-शिवाजीनगरने त्यांना ८७ हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली होती. बाकीच्या पाच विधानसभा मतदारसंघांचा हिशेब केला तर ते मागे होते. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या मतदारांनी मिळून जो निकाल लावला असता, तो मानखुर्दने फिरवला. खासदार ठरवण्याइतके वजन असलेल्या वस्तीला नळाच्या पाण्यासाठी मात्र पहाटे उठून हंडे भरावे लागतात. हा विरोधाभास मताच्या कमतरतेतून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवे.

शेवाळे यांची वाटचाल कशी झाली?

राहुल रमेश शेवाळे यांचा जन्म १९७३ चा. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेला हा शिवसैनिक २००२ मध्ये पहिल्यांदा महापालिकेत निवडून आला. पुढे २००७ आणि २०१२ मध्येही ते नगरसेवक झाले. ट्रॉम्बे-मानखुर्दचा पट्टा शिवसेनेसाठी कधीच सोपा नव्हता. मराठी, दलित, मुस्लिम, दक्षिण भारतीय, उत्तर भारतीय अशी मिश्र वस्ती, शेजारी अणुशक्तीनगरची सरकारी वसाहत आणि त्यामध्ये झोपडपट्ट्यांचे मोठे पुंजके. इथे शाखेच्या बळावर टिकून राहणे हेच मोठे काम होते.

शेवाळे यांना खरी ओळख मिळाली ती २०१० मध्ये. स्थायी समितीचे आधीचे अध्यक्ष रवींद्र वायकर २००९ मध्ये जोगेश्वरी पूर्वेतून आमदार झाले होते. त्यांच्यानंतर पक्षाने शेवाळे यांच्याकडे ही जबाबदारी सोपवली. चाळिशी गाठण्याआधीच ते देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या तिजोरीच्या दाराशी येऊन बसले आणि सलग चार वेळा त्या खुर्चीवर राहिले. २०१४ मध्ये दक्षिण मध्य मुंबईतून त्यांनी काँग्रेसचे एकनाथ गायकवाड यांचा पराभव केला आणि लोकसभेत गेले. २०१९ मध्ये पुन्हा तीच लढत, तोच निकाल. जुलै २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि लोकसभेतील गटनेते झाले. २०२४ मध्ये ठाकरे पक्षाचे अनिल देसाई यांनी त्यांना ५३ हजारांहून अधिक मतांनी हरवले. ज्या अणुशक्तीनगरच्या पट्ट्यातून ते वर आले, तिथेही ते मागे पडले.

स्थायी समितीच्या अध्यक्षाच्या हाती काय असते?

मुंबईच्या महापौरांना मान मोठा, पण अधिकार थोडे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने प्रशासकीय अधिकार आयुक्तांना दिले आहेत आणि पैशांवरची लोकप्रतिनिधींची पकड स्थायी समितीला. समितीत २७ सदस्य. आयुक्त अर्थसंकल्प मांडतात तो याच समितीपुढे. मोठ्या रकमेचे कंत्राट, मग ते रस्त्याचे असो, नालेसफाईचे असो की औषधखरेदीचे, या समितीच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही. आठवड्याच्या बैठकीत विषयपत्रिकेवर कोणता प्रस्ताव कधी घ्यायचा, कोणता राखून ठेवायचा, कोणता फेरविचारासाठी परत पाठवायचा, हरकतीच्या मुद्द्यावर कोणाला बोलू द्यायचे, यात अध्यक्षाचा शब्द वजनदार असतो. प्रस्ताव ‘दफ्तरी दाखल’ झाला की तो संपला.

शेवाळे पदावरून गेले त्या वर्षीचा, म्हणजे २०१४-१५ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ३१,१७८ कोटी रुपयांचा होता. काही छोट्या राज्यांच्या तोडीचा हा पैसा. तो कुठे वळावा यावर सर्वाधिक प्रभाव असलेल्या निवडक लोकांपैकी एक जण चार वर्षे एम पूर्व विभागातला होता. शहराच्या कडेला ढकलल्या गेलेल्या भागाच्या वाट्याला अशी संधी फार क्वचित येते. म्हणूनच त्या चार वर्षांचा हिशेब मांडायला हवा.

तेव्हा एम पूर्व विभाग कुठे होता?

महापालिकेनेच तयार करून घेतलेल्या २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तेव्हाच्या २४ विभागांची क्रमवारी होती. त्यात एम पूर्व सर्वांत शेवटी होता, निर्देशांक अवघा ०.०५. शून्य म्हणजे तळ आणि एक म्हणजे शिखर, अशी ती पट्टी. २०११ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. देवनारमध्येच असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याच सुमारास एम पूर्व विभागासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला. संस्थेच्या कुंपणापलीकडे शहरातले सर्वांत खडतर आयुष्य होते, याची ती कबुली होती. म्हणजे शेवाळे अध्यक्ष झाले तेव्हा आपला विभाग कुठे आहे, हे आकड्यांत लिहिलेले होते. कोणी अंदाज बांधायची गरज नव्हती.

देवनारच्या कचराभूमीचे उदाहरण घ्या. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे पडतो आहे. २००९ मध्ये ती शास्त्रीय पद्धतीने अंशतः बंद करण्याचे मोठे कंत्राट दिले गेले. काम रखडत गेले आणि २०१६ मध्ये ते कंत्राट रद्द झाले. त्याच वर्षी जानेवारीअखेर तिथे भडकलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, परिसरातल्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईच्या इतर भागांना त्या आठवड्यात पहिल्यांदा देवनार आठवले. रफीकनगर, बैंगनवाडी, मंडाळ्यात मात्र तो धूर रोजचाच होता.

कंत्राट एकट्या अध्यक्षाने दिलेले नसते आणि रखडण्याचे खापरही एकावर फोडता येत नाही. पण कंत्राटदाराने काय केले, किती पैसे घेतले, मुदत कधी संपली, हे दर आठवड्याला विचारण्याचे देशातले सर्वांत योग्य व्यासपीठ म्हणजे तीच समिती होती. ते व्यासपीठ हाताशी असूनही कचऱ्याचा डोंगर तसाच राहिला असेल, तर व्यवस्थेतच काही मूलभूत चुकते आहे.

पाण्याची गोष्टही अशीच. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना महापालिकेने अधिकृत नळजोडणी द्यायची नाही, असे धोरण वर्षानुवर्षे होते. मानखुर्दच्या कडेच्या वस्त्यांना त्याची सर्वाधिक झळ बसली. विकत घेतलेले पाणी चाळीतल्या नळाच्या पाण्यापेक्षा कित्येक पट महाग पडते, हे इथली कोणतीही गृहिणी सांगेल. हे धोरण बदलायला सुरुवात झाली ती सभागृहातल्या ठरावाने नव्हे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून महापालिकेला धोरण आखायला लावले. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण प्रत्यक्षात जाहीर व्हायला मे २०२२ उजाडला. ज्या संस्थेत लोकांनी निवडून दिलेले २२७ जण बसत होते, तिला तहानेचा अर्थ न्यायालयाने समजावून सांगितला.

मग दोष एका नेत्याचा?

तसे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. शेवाळे यांच्या वाटचालीत जे दिसते तो मुंबईच्या राजकारणाचा ठरलेला मार्ग आहे. त्यांच्या आधीचे वायकर आमदार, राज्यमंत्री आणि २०२४ मध्ये ४८ मतांनी का होईना, खासदार झाले. नंतरच्या अध्यक्षांपैकी रमेश कोरगावकर २०१९ मध्ये भांडुप पश्चिमेतून आमदार झाले. यशवंत जाधव अध्यक्ष असताना त्यांच्या पत्नी यामिनी जाधव भायखळ्यातून विधानसभेत गेल्या. स्थायी समितीचे अध्यक्षपद ही नेत्यांसाठी शिडीची मधली पायरी आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहायचे असते, खाली नव्हे.

यामागे सरळ हिशेब आहे. अध्यक्षाला पद मतदार देत नाहीत, पक्ष देतो. दरवर्षी त्याची फेरनिवड पक्षाच्या मर्जीवर असते. त्यामुळे त्याने कोणाचे ऐकायचे, हे ठरलेले असते. शिवाय शहरभरातल्या कामांना मंजुरी देताना साऱ्या पक्षांना सांभाळून घ्यावे लागते. स्वतःच्या विभागासाठी हट्ट धरला तर ‘अध्यक्ष सारे आपल्याकडे ओढतात’ अशी ओरड होते. आणि पुढच्या पायरीसाठी, लोकसभेसाठी, माहीम, वडाळा, चेंबूर, धारावी, शीव-कोळीवाडा या सगळ्यांची मते लागतात. मानखुर्दच्या एका गल्लीचे गटार हा मग प्राधान्यक्रमात शेवटचा विषय ठरतो. माणूस चांगला की वाईट याचा इथे फारसा संबंध नाही. त्याला बक्षीस कशाचे मिळते, हा प्रश्न आहे. विभागाचा निर्देशांक ०.०५ वरून वर नेल्याबद्दल कोणत्याही पक्षाने कोणाला तिकीट दिल्याचे ऐकिवात नाही.

आमदार अबू आझमी यांचा मार्ग वेगळा आहे का?

दिशा उलटी, पण निष्कर्ष फारसा वेगळा नाही. शेवाळे इथून दिल्लीला गेले, तर समाजवादी पक्षाचे अबू आझमी दिल्लीहून इथे आले. २००२ ते २००८ ते उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर होते. २००९ मध्ये त्यांनी मानखुर्द-शिवाजीनगर आणि भिवंडी पूर्व अशा दोन्ही जागा जिंकल्या आणि मानखुर्द राखले. तेव्हापासून २०१४, २०१९, २०२४ अशा सलग चार निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या. ते इथेच राहिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

पण राज्याला आझमी आठवतात ते कशासाठी? नोव्हेंबर २००९ मध्ये हिंदीत शपथ घेतल्यावरून मनसेच्या आमदारांनी त्यांना सभागृहातच धक्काबुक्की केली आणि मनसेचे चार आमदार निलंबित झाले. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाविषयीच्या वक्तव्यावरून खुद्द आझमी यांचे अधिवेशनापुरते निलंबन झाले. दोन्ही वेळी मानखुर्दचे नाव देशभर गेले. दोन्ही वेळी मानखुर्दच्या गटाराचा, शाळेचा, दवाखान्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आपल्या माणसावर हल्ला झाला, ही भावना मतदाराला जवळ आणते. त्याच भावनेच्या आड ‘तुम्ही इथे काय केले’ हा प्रश्न मागे पडतो. विरोधकांनाही ते सोयीचे असते. त्यांनाही आझमी यांच्या वक्तव्यावर बोलायचे असते, शिवाजीनगरच्या दवाखान्यावर नाही.

आमदाराच्या हाती स्थानिक विकास निधी असतो, पण मोठ्या प्रश्नांच्या किल्ल्या महापालिकेकडे असतात. नगरसेवक आमदाराकडे, आमदार महापालिकेकडे आणि महापालिका जिल्हाधिकारी, म्हाडा, एमएमआरडीएकडे बोट दाखवते. या फेऱ्यात रहिवाशांनी स्वतःच वाट काढल्याचे उदाहरण म्हणजे गोवंडीतला जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प. त्याच्या धुराविरोधात रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवण्याचा आदेश मिळवला. जे काम विभागातल्या निवडून आलेल्या सगळ्यांनी मिळून करायचे, ते वस्तीतल्या एका संस्थेने केले.

पुलाला नाव कोणते, यावर सारे का बोलले?

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२१ रोजी खुला झाला. त्याआधीचे काही महिने त्या पुलाची चर्चा त्याच्या नावाभोवती फिरत होती. ईशान्य मुंबईचे तेव्हाचे खासदार मनोज कोटक यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव द्यावे, अशी मागणी केली. शेवाळे यांच्या पत्रात ख्वाजा गरीब नवाज यांच्या नावाचा आग्रह असल्याचे बाहेर आले आणि वाद पेटला. आपण आधीच शिवाजी महाराजांच्या नावाची मागणी केली होती, असा खुलासा शेवाळे यांनी केला. अखेर पुलाला छत्रपतींचेच नाव मिळाले.

हा पूल नवी मुंबईहून घाटकोपरकडे जाणाऱ्यांचा वेळ वाचवतो, हे खरेच. पण तो शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या डोक्यावरून जातो. पुलावरून जाणाऱ्याला खालची वस्ती दिसतही नाही. इथे दोन खासदारांची पत्रे पुलाच्या नावावर गेली. पुलाखालचा रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलांसाठी कोणाचे पत्र असा गदारोळ उठवू शकले नाही. नावांविषयी लोकांना आस्था असते आणि ती असण्यात काही गैर नाही. प्रश्न एवढाच की, नेत्याची सारी ताकद नावासाठी खर्च झाली तर कामासाठी काय उरते?

नगरसेवकच नव्हते तेव्हा काय झाले?

‘नगरसेवक नसलेलेच बरे, अधिकारी कामे तरी करतात’ असे म्हणणारे मुंबईत कमी नाहीत. टक्केवारीच्या सुरस कथांमुळे या मताला बळही मिळते. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि हा प्रयोग आपोआपच झाला. प्रभागरचनेचा वाद, इतर मागासवर्गीय आरक्षणाचा प्रश्न आणि न्यायालयातली प्रकरणे यांत निवडणूक लांबत गेली. आयुक्त हेच प्रशासक झाले. स्थायी समिती, सुधार समिती, सभागृह या सगळ्यांचे अधिकार एकाच टेबलावर आले.

या काळात मानखुर्द-गोवंडीने काय पाहिले? ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीच्या रफीकनगरमध्ये अवघ्या दोन दिवसांत तीन बालकांचे मृत्यू झाले. गोवराचा उद्रेक असल्याचे नंतर स्पष्ट झाले आणि शहरात सर्वाधिक फटका एम पूर्व विभागाला बसला. केंद्राचे पथक आले, घरोघरी पाहणी झाली, लसीकरणाची शिबिरे लागली. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी राबले, यात शंका नाही. पण लसीकरण मागे पडते आहे, हे मृत्यूंच्या आधी कोण सांगणार होते? लशीविषयी गैरसमज असलेल्या घरात आरोग्यसेविकेसोबत जाऊन ‘मी सांगतो, मुलाला टोचून घ्या’ असे म्हणणारा ओळखीचा माणूस कोण? चांगला नगरसेवक ते काम करतो. वाईट नगरसेवकालाही निदान लोक घरी जाऊन जाब विचारू शकतात. सहायक आयुक्तांची बदली होते आणि नव्या साहेबांना गल्ल्यांची नावे पाठ व्हायला वर्ष जाते.

दुसरे उदाहरण पुन्हा कचराभूमीचे. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासातील रहिवाशांच्या घरांसाठी देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी महापालिकेने सुमारे २,३६८ कोटी रुपयांचे कंत्राट दिले. कचरा हटणार, ही चांगलीच बातमी. पण जवळपास शंभर वर्षांचा ढीग हलवण्याची निकड शेजारच्या मुलांच्या खोकल्यामुळे निर्माण झाली नाही, जमीन हवी झाली तेव्हा निर्माण झाली. आणि एवढा मोठा निर्णय होत असताना तो विषयपत्रिकेवर यावा, त्यावर हरकतीचा मुद्दा निघावा, एम पूर्वच्या नगरसेवकाने उठून ‘धारावीकर इथे आले तर पाणी, शाळा आणि रुग्णालय कुठून आणणार?’ असे विचारावे, अशी जागाच शिल्लक नव्हती. समितीने कदाचित तेच मंजूर केले असते. पण प्रश्न नोंदीवर राहिला असता.

घरे देताना काय बिघडते, याचा धडा मानखुर्दकडे आहेच. रेल्वेमार्ग आणि रस्ते प्रकल्पांतून हलवलेल्या हजारो कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी वसाहत आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये घरे मिळाली. इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोहोचत नाही. या वसाहतींच्या अभ्यासातून हवा-उजेडाचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध २०१८ मध्येच पुढे आला होता. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाला तिथे आजार गाठतो, हे जाणून असलेल्या विभागात पुन्हा मोठे पुनर्वसन होऊ घातले आहे.

सारे महापालिकेच्या हाती नसते, त्याचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. इथली बरीच जमीन जिल्हाधिकाऱ्यांची, काही केंद्राची. खाडीलगत कांदळवने आहेत, अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात बांधकामावर मर्यादा आहेत. शहराने इतर ठिकाणी नको असलेले सारे इथे आणून टाकले : कचराभूमी, कत्तलखाना, जैववैद्यकीय कचरा आणि प्रकल्पांत विस्थापित झालेली माणसे. एका नगरसेवकाने हे उलटवावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

पण गोष्टी जितक्या अनेक हातांत विखुरलेल्या, तितकी त्या एकत्र बांधणाऱ्या माणसाची गरज अधिक. आणि प्राथमिक शाळा, दवाखाने, प्रसूतिगृह, नळ, गटार, कचरा, गल्लीतले दिवे, सार्वजनिक शौचालये या गोष्टी तर निर्विवादपणे महापालिकेच्याच आहेत. मानव विकास निर्देशांक ज्या गोष्टींनी हलतो, त्यातल्या बहुतेक याच यादीत आहेत. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. दशकभरात तिजोरी दुपटीहून मोठी झाली. त्यामुळे ‘पैसे नाहीत’ हे कारण मुंबईत कोणी सांगू शकत नाही.

नव्या नगरसेवकांना कोणत्या मापाने मोजावे?

जानेवारीच्या निकालाने एक संकेत दिला आहे. २०१७ मध्ये सहा नगरसेवक असलेला समाजवादी पक्ष दोनवर आला आणि दोन जागांवर असलेल्या एमआयएमने आठ जागा जिंकल्या, त्याही बहुतेक गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात. याला फक्त भावनिक लाट म्हणून मोकळे होणे चूक ठरेल. २०२४ मध्ये शेवाळे यांना अणुशक्तीनगरने आणि २०२६ मध्ये आझमी यांच्या पक्षाला शिवाजीनगरने मागे टाकले. दोन्हींमागे पक्षफुटीपासून धर्मापर्यंत अनेक कारणे आहेत. तरीही इथला मतदार कोणाच्याही खिशात नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. माणूस बदलून पाहण्याची त्याची तयारी आहे. आता माप बदलण्याची गरज आहे.

आजवर नेत्याचे माप पदांनी घेतले गेले : नगरसेवक, अध्यक्ष, आमदार, खासदार. त्याऐवजी पाच वर्षांनी पाच साध्या नोंदी मागता येतील. प्रभागात किती घरांना नवी अधिकृत नळजोडणी मिळाली? किती बालकांचे लसीकरण पूर्ण झाले? महापालिका शाळेतून किती मुले पुढच्या वर्गात गेली आणि किती गळाली? क्षयरोगाचे किती रुग्ण उपचार पूर्ण करून बरे झाले? कचराभूमीच्या कंत्राटात किती टन कचरा हलला आणि किती पैसे दिले गेले? या सगळ्यांची उत्तरे विभाग कार्यालयातल्या कागदांत असतात. प्रभाग समितीच्या बैठकीत ती मागण्याचा अधिकार नगरसेवकाला आहे आणि मागितली की ती इतिवृत्तात येतात. त्यासाठी सत्तेत असण्याची गरज नाही. भाजप ८९ जागांसह सर्वांत मोठा पक्ष आहे. मानखुर्दचे बहुतेक नगरसेवक विरोधी बाकांवर असतील, तरी प्रश्न विचारायला संख्याबळ लागत नाही.

राहुल शेवाळे यांची वाटचाल मानखुर्दसाठी अभिमानाची गोष्ट ठरू शकते. ट्रॉम्बे-मानखुर्दच्या गल्लीतला पदविकाधारक मुलगा देशाच्या संसदेत गटनेता होतो, हे लोकशाहीचे बळ आहे. पण ज्या भागाने हा माणूस घडवला, तो भाग त्याच काळात मुंबईच्या यादीत तळाशी होता, ही त्याच वाटचालीची दुसरी बाजू आहे. पहिली बाजू नेत्यांच्या कार्यअहवालांत छापली जाते. दुसरी पहाटे चार वाजता नळापुढच्या रांगेत उभी असते. नव्या नगरसेवकांपैकी एखादा उद्या आमदार, खासदार होईलच. त्याच्या प्रचाराच्या गाडीला थांबवून मानखुर्दच्या मतदाराने विचारावे : तुम्ही किती पायऱ्या चढलात ते कळले, आमचा विभाग किती चढला?